पासवर्ड नसलेलं वाय-फाय आणि घरचा संगणक

26 जुलै 2008 च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी स्फोट सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचा ई-मेल येऊन पडला. त्याचा माग काढत महाराष्ट्राचं दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचलं. तिथे राहणारा अमेरिकी गृहस्थ हादरून गेला, कारण त्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता, एवढंच. ऑगस्टमधला पुढचा मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून आणि 13 सप्टेंबरला दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेल्याचं निघालं. 2009 उजाडलं तेव्हा मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन खुली नेटवर्क हुडकत फिरायच्या तयारीला लागले होते आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित करून घेण्याच्या सूचना काढल्या. खुल्या वाय-फायची धास्ती आपल्याकडे पक्की झाली ती तेव्हापासून. पण हे प्रकरण नीट पाहिलं, तर त्यात पोलिसांना उत्तरं देत बसला तो नेटवर्कचा मालक. त्याच्या नेटवर्कवर आलेला उपरा आपलं काम उरकून निघून गेला होता. मालकाचा धोका वेगळा आणि दुसऱ्याच्या नेटवर्कवर जाणाऱ्या पाहुण्याचा धोका वेगळा. आपण मात्र दोन्हींची एकच मोळी बांधली आणि ‘खुलं वाय-फाय नकोच’ असं सांगून मोकळे झालो.

मोताळ्यासारख्या गावाचं एवढ्यावर भागत नाही. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचं हे तालुक्याचं ठिकाण. रेल्वे नाही; गाडी पकडायची तर मलकापूर गाठायचं, जिल्ह्याच्या कचेरीत काम असेल तर राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं. पूर्वी ज्या कामांसाठी एसटीच्या दोन खेपा व्हायच्या, त्यांतली बरीच आता पडद्यावर उरकतात: महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, डिजिटल सातबारा, पोलीस भरतीचा फॉर्म. घरात संगणक बहुधा एकच असतो, थोरल्याच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप नाहीतर कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेला जुना डेस्कटॉप आणि त्याच्या पाठीला लावलेलं नखाएवढं वाय-फायचं डोंगल. आणि लाइट गेली की घरचा राउटर बंद पडतो, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो आणि पूर्वी कधी जोडलेलं, लक्षात ठेवलेलं दुसरं एखादं खुलं नेटवर्क आसपास सापडलं तर मालकाला न विचारता त्याला जाऊन चिकटतो. शिवाय खुली किंवा अर्धवट खुली नेटवर्क सरकारच्या धोरणानंच वाढवली आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना, जिला आज आपण भारतनेट म्हणतो, 2011 साली मंजूर झाली. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीची मोफत वाय-फाय सेवा 2016 च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला सुरू झाली आणि आज देशातल्या 6 हजारांहून अधिक स्थानकांवर आहे. 9 डिसेंबर 2020 ला केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत चहावाला, किराणावाला, कुणीही परवान्याशिवाय आणि सरकारला शुल्क न देता वाय-फाय विकू शकतो. एकीकडे सरकारनं असं वाय-फाय वाटायचं आणि दुसरीकडे ते वापरू नका म्हणायचं, यातून माणसाच्या हाती काही लागत नाही. ते वापरलं जाणारच. प्रश्न एवढाच, की घरचा संगणक त्याला जोडायचा असेल तर भीती नेमकी कशाची बाळगायची. माझं म्हणणं असं की हवेतून चोरी होण्याची जी भीती आपण धरून बसलो आहोत ती पंधरा वर्षांपूर्वी अगदी खरी होती, आज तिचा बराचसा भाग शिळा झाला आहे; आणि तिच्याकडेच बघत राहिल्यामुळे घरच्या संगणकाची स्वतःची ढिलाई आपल्या नजरेतून सुटते.

आधी ती जुनी भीती का खरी होती ते पाहू. वाय-फाय म्हणजे रेडिओ. राउटर आणि संगणक एकमेकांशी जे बोलतात ते चहूबाजूंना पसरतं आणि त्या टप्प्यातल्या कुठल्याही यंत्राच्या कानावर पडतं. नेटवर्कला पासवर्ड असला की हे बोलणं सांकेतिक होतं. नसला की ते उघडं जातं. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं फायरशीप हे फायरफॉक्सचं एक छोटं जोडसॉफ्टवेअर जाहीर केलं. खुल्या नेटवर्कवर बसून ते चालू केलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक खातं नावासकट यादीत दिसायचं आणि त्यावर क्लिक केलं की थेट त्या खात्यात शिरता यायचं. पासवर्ड चोरायचीही गरज नव्हती, कारण फेसबुक त्या काळी लॉगिन तेवढं सांकेतिक करायचं आणि नंतरची ओळखपत्रं, ज्यांना कुकी म्हणतात, उघडी पाठवायचं. बटलरचा हेतू चोऱ्या करवण्याचा नव्हता, मोठ्या कंपन्यांना लाज आणण्याचा होता. तो साधला. लाखावर लोकांनी ते उतरवून घेतलं, बोंब झाली, आणि 2013 पर्यंत फेसबुकनं सगळ्यांसाठी संपूर्ण सांकेतिक जोडणी लागू केली. याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. हॉटेलात भिंतीवर पासवर्डाची चिठ्ठी चिकटवलेली असते आणि आपण समजतो की हे नेटवर्क ‘सुरक्षित’. सर्रास वापरात असलेल्या डब्ल्यूपीए-2 या पद्धतीत, ज्याला तो पासवर्ड माहीत आहे आणि ज्यानं तुमचा संगणक जोडला जातानाची पहिली देवाणघेवाण टिपली आहे, त्याला तुमचं पुढचं बोलणं उलगडता येतं. म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक असलेला पासवर्ड हा चोराविरुद्ध जवळपास निरुपयोगी. तेव्हा खुल्या वाय-फायला भिणाऱ्यानं या चिठ्ठीलाही तेवढंच भ्यायला हवं होतं, पण कुणी भीत नाही.

मग बदललं काय? कुलूप जागा सोडून दुसरीकडे गेलं. पूर्वी ते वाय-फायवर होतं, आता ते संकेतस्थळावर आहे. ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर आपापसांत एचटीटीपीएस या पद्धतीनं बोलतात आणि मधला रस्ता, मग तो खुला राउटर असो, केबलवाल्याची तार असो की समुद्राखालची केबल, त्याला फक्त गिचमीड दिसते. ही पद्धत जुनीच, पण महाग आणि कटकटीची होती. 2015 च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमानं लागणारी प्रमाणपत्रं सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. 2017 च्या जानेवारीत फायरफॉक्सच्या नोंदींनुसार उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी निम्म्याहून जास्त पानं सांकेतिक झाली होती. 2018 च्या जुलैपासून क्रोम साध्या पानांना ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. आज क्रोममध्ये उघडणाऱ्या पानांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पानं सांकेतिक मार्गानं येतात. सगळंच झाकलं जातं असं मात्र नाही. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात त्याचं नाव, किती वेळ होतात, किती माहिती आली-गेली, हे जवळ बसलेल्या चोराला सहसा कळू शकतं. तुम्ही महाडीबीटीवर गेलात हे कळेल. अर्जात जात, उत्पन्न, खातेक्रमांक काय लिहिलात हे कळणार नाही. ज्याला संकेतस्थळाचं नावदेखील कुणाला कळू द्यायचं नाही, अशा माणसाची गरज वेगळी आणि त्याची तयारीही वेगळी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या पोराला ती लागत नाही.

यावर लगेच आक्षेप येईल की बँकांचे संदेश, पोलिसांची पत्रकं अजूनही ‘सार्वजनिक वाय-फायवर व्यवहार करू नका’ असंच सांगतात. ते काय उगाच? उगाच नाही. लाखो लोकांना एका ओळीत सल्ला द्यायचा असतो तेव्हा तो सरसकटच द्यावा लागतो, आणि सरसकट सल्ल्यात ज्याचा संगणक जुना आहे, जो धोक्याची सूचना न वाचता पुढे जातो, असाही माणूस धरावा लागतो. शिवाय पैशाच्या व्यवहारासाठी तुमच्याकडे स्वतःचा मोबाइल डेटा असेल तर तो वापरण्यात तोटा काही नाही, तेव्हा तो सल्ला पाळावाच. पण सल्ला म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन हे ग्राहकांचं हित पाहणारं सरकारी खातं एकेकाळी असाच सरसकट इशारा द्यायचं. 2023 पासून त्याच्या माहितीत लिहिलेलं आहे की संकेतस्थळं सांकेतिक झाल्यामुळे सार्वजनिक वाय-फायवरून जाणं सहसा सुरक्षित असतं. आपल्याकडची पत्रकंही कधीतरी बदलतील. तोवर त्या इशाऱ्याचा एक वाईट परिणाम होत राहतो: माणूस खुल्या नेटवर्कवर फक्त बँकेचं पान उघडायचं टाळतो आणि समजतो की आपण काळजी घेतली. बाकी संगणक तसाच उघडा.

उघडा म्हणजे काय, ते तालुक्याच्या ठिकाणी घरातूनच झेरॉक्स आणि फॉर्म भरून देण्याचं काम करणाऱ्याच्या संगणकावर छान दिसतं. डेस्कटॉपवर ‘स्कॅन’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला, पासपोर्ट फोटो, असं पन्नास घरांचं सामान नावानिशी पडलेलं असतं. दुसऱ्या संगणकावरून प्रिंट काढता यावी म्हणून ते फोल्डर शेअर केलेलं असतं. सुरुवातीला तो दुसरा संगणक पासवर्ड मागायचा, म्हणून कुणीतरी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून दिलेलं असतं आणि परवानगीच्या चौकटीत ‘एव्हरीवन’ लिहिलेलं असतं. चार भिंतींत हे चालून जातं, कारण घरचा राउटर बाहेरून कुणालाही आपणहून आत येऊ देत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा लावलेला असला की आतल्या खोल्यांना कड्या घालत नाहीत, तसाच हा कारभार. घरचा संगणक खुल्या नेटवर्कला जोडला म्हणजे दिंडी दरवाजाच नाहीसा झाला. आता त्याच राउटरवर असलेली अनोळखी माणसं आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी. फोल्डर उघडायला त्यांना कुठलीही हॅकिंगची विद्या लागत नाही, फाइल एक्सप्लोररच्या नेटवर्क विभागात ते नावानिशी दिसतं. आणि इथे एचटीटीपीएसचा काडीचाही उपयोग नाही, कारण चोरी रस्त्यात होत नाही, घरात होते. फोन घेऊन खुल्या नेटवर्कवर जाणारा माणूस तुलनेनं निर्धास्त असतो तो याचमुळे: फोन जन्मापासून परक्या नेटवर्कांत वावरण्यासाठी बनवलेला असतो, त्यावर शेअर केलेली फोल्डरं नसतात. संगणकाची घडण कार्यालयातल्या आणि घरातल्या ओळखीच्या यंत्रांशी बोलण्याची.

याहून वाईटही घडू शकतं, आणि ते घडलेलं आहे. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला. त्याला कुणी मेलमधली फाइल उघडायची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून तो एका संगणकावरून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर आपोआप उडी मारायचा. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले. पुढच्याच महिन्यात त्याच भोकाचा वापर करणारं नॉटपेट्या आलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून झाली आणि झळ आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचली. मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. एवढी मोठी कंपनी आणि तिचं आतलं नेटवर्क, म्हणजे खरं तर ओळखीच्याच यंत्रांचं. तिथे ही गत झाली तर स्टेशनवरच्या किंवा चहाच्या टपरीवरच्या नेटवर्कवर शेजारी कोणतं यंत्र बसलं आहे आणि त्याला काय लागण झाली आहे, हे कोण सांगणार? काही राउटर पाहुण्यांना एकमेकांपासून तोडून ठेवतात. चांगल्या ठिकाणी तशी सोय केलेली असते, पण बाहेरून बघून ती आहे की नाही ते कळत नाही, तेव्हा ती नाही असंच धरून चालावं.

यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे आणि तो एका बटणाचा आहे. नव्या नेटवर्कला संगणक जोडला की विंडोज 10 उजव्या बाजूला एक निळी पट्टी काढून विचारतं, तुमचा संगणक या नेटवर्कवरच्या इतरांना दिसू द्यायचा का? घाईत ‘येस’ दाबलं की ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरचं ठरतं, आणि विंडोज ते कायमचं लक्षात ठेवतं. ‘नो’ दाबलं की ते ‘पब्लिक’ म्हणजे परकं ठरतं; मग फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जवळपास सगळ्या हाका अडवते आणि शेअर केलेली फोल्डरं दिसेनाशी होतात. विंडोज 11 नवं वाय-फाय नेटवर्क परकंच धरतं, हे बरं केलं. पण ‘प्रायव्हेट’ म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून ते मुद्दाम बदलणारी माणसं आहेत, नेमकं उलटं करणारी. तेव्हा सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, त्यात जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म, इथे जाऊन एकदा डोळ्यांनी पाहावं. ज्या खुल्या नेटवर्कांचं काम संपलं त्यांना तिथूनच ‘फरगेट’ करावं, आणि ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढावी, लाइट गेल्यावर लॅपटॉप परस्पर कुठे जाऊन चिकटतो तो प्रकार यानं थांबतो. शेअरिंग घरात लागत असेल तर तिथेही पासवर्डाची अट पुन्हा चालू करावी. दुसऱ्या संगणकावर पासवर्ड एकदाच टाकून लक्षात ठेवायला सांगता येतो, त्यामुळे ज्या कटकटीपायी ती अट काढली ती कटकट मुळात एका मिनिटाची होती. एवढं झालं की घरच्या संगणकाचा निम्म्याहून जास्त धोका संपतो, असं मी म्हणेन.

उरलेला धोका आपल्या बोटांत असतो. नेटवर्कला कुणीही कोणतंही नाव देऊ शकतो. मलकापूरच्या फलाटावर बसून फोनच्या हॉटस्पॉटला रेल्वे वाय-फायचं रेलवायर हे नाव द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. 2024 च्या मध्यावर ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांनी एका माणसावर असाच गुन्हा दाखल केला. विमानतळांवर आणि चालू विमानात तो खऱ्या वाय-फायच्या नावाचं खोटं नेटवर्क उभं करायचा आणि जोडणाऱ्याला एक पान दाखवायचा, ‘पुढे जाण्यासाठी ई-मेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्यानं लॉगिन करा’. पोलिसांनी सांगितलेली ही पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे, कारण यात सांकेतिक जोडणी फोडण्याचा खटाटोपच नाही. माणूस आपणहून पासवर्ड लिहून देतो. खऱ्या रेल्वे वाय-फायला मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो, पहिला अर्धा तास फुकट मिळतो, नंतर पैसे मागतात. म्हणजे फुकट वाय-फायच्या दारात कुणी जीमेलचा पासवर्ड, यूपीआयचा पिन किंवा ‘हे प्रमाणपत्र आधी इन्स्टॉल करा’ असं मागत असेल तर तिथून उठावं, त्यावर विचार करण्याजोगं काही नाही. तसंच बँकेचं पान उघडताना ब्राउझरनं ‘ही जोडणी खासगी नाही’ अशी लाल सूचना दिली तर ती नेटवर्कवाल्याची चूक असो की लबाडी, पुढे जायचं नाही. खोट्या नेटवर्कवाल्याला बँकेचं नाव घेता येतं, बँकेचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ती लाल सूचना नेमकं हेच सांगत असते. उलट बाजूही आहे: पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असल्याची ग्वाही नव्हे. फसव्या संकेतस्थळालाही फुकटचं प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे पत्त्यातलं नाव अक्षर अक्षर वाचायला हवं, आणि हे घरच्या वाय-फायवरही तेवढंच लागू आहे. कुणी एवढं करूनही फसलाच तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच्या हातून झालेल्या अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. स्वतःहून पासवर्ड दिला असेल तर मात्र त्या नियमाचा आधार ढिला पडतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. 2016 नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की खुल्या वाय-फायची गरजच काय? फोनचा हॉटस्पॉट लावायचा, त्याला पासवर्ड आपसूकच असतो. बरोबर आहे, आणि पैशाचं काम असेल तर तेच करावं. पण दिवसाला दीड जीबीचा पॅक असणाऱ्या घरात विंडोजचं एक मोठं अपडेट त्या पॅकचा फडशा पाडतं. म्हणून माणसं काय करतात, तर अपडेट पुढे ढकलत राहतात किंवा ‘मीटर्ड कनेक्शन’ लावून ती जवळपास बंदच करतात. वॉनाक्रायच्या वेळी मार्चची दुरुस्ती मेपर्यंत न घेतलेले संगणक असेच होते. फुकट वाय-फायचा सर्वांत चांगला उपयोग माझ्या मते हाच, की तिथे बसून संगणकाची तुंबलेली अपडेट उतरवून घ्यावीत. विंडोजच्या अपडेटवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, वाटेत कुणी त्यात भेसळ केली तर संगणक ते स्वीकारत नाही. त्यामुळे खुल्या नेटवर्कवरूनही ती निर्धास्त घेता येतात. अट एकच, की आधी नेटवर्क ‘पब्लिक’ करावं आणि मग अपडेटचं बटण दाबावं, उलट क्रमानं नको. हेच सॉफ्टवेअर कुठल्या तरी भलत्या संकेतस्थळावरून ‘क्रॅक’ केलेलं उतरवून घेतलं तर सहीचं हे संरक्षण राहत नाही, पण त्याला वाय-फाय काय करणार.

व्हीपीएनचा सल्ला हल्ली जाहिरातींतून सारखा कानावर पडतो, आणि त्याच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. व्हीपीएन तुमचं सगळं बोलणं एका नळीतून आपल्या सर्व्हरवर नेतं आणि तिथून पुढे सोडतं. जवळच्या चोराला मग संकेतस्थळाचं नावही कळत नाही, हा फायदा खरा. पण जे चहावाल्याला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, आणि फुकट व्हीपीएनची कंपनी कुणाची, तिचा खर्च कोण भागवतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. ओळखीच्या टपरीवाल्यावर अविश्वास दाखवून अनोळखी देशातल्या अनोळखी कंपनीवर विश्वास टाकण्यात शहाणपण कोणतं? 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेनं व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत असा आदेश काढला, तेव्हा अनेक कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले. शिवाय परदेशी सर्व्हरमधून फिरून आल्यावर काही सरकारी संकेतस्थळं उघडतच नाहीत, म्हणजे ज्या कामासाठी बसलो तेच अडलं. ज्याच्या कंपनीनं कामासाठी स्वतःचं व्हीपीएन दिलं आहे त्यानं ते जरूर वापरावं. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालण्यापेक्षा आधी ते ‘स्कॅन’ फोल्डर आवरावं.

मालकाच्या धोक्याचं काय? शेजाऱ्याचं वाय-फाय खुलं आहे म्हणून ते आपलं होत नाही. मालकाच्या परवानगीवाचून कुणाच्या नेटवर्कमध्ये शिरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये भरपाईची तरतूद आहे. विचारून घ्यावं, गावात एवढ्यासाठी कुणी नाही म्हणत नाही. आणि ज्याचा राउटर खुला आहे त्यानं समजून असावं की त्याच्या जोडणीवरून जे जाईल त्याचा माग प्रथम त्याच्याच नावावर येऊन थांबतो. पाहुण्यांना नेट द्यायचंच असेल तर बहुतेक नव्या राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते, तिनं घरचे संगणक वेगळे राहतात. 2018 नंतर आलेल्या काही राउटरांत तर पासवर्ड न मागताही प्रत्येक पाहुण्याचं बोलणं वेगळं सांकेतिक करणारी पद्धत आहे. केबलवाले वाटतात त्या स्वस्त पेट्यांत ती क्वचितच मिळते.

आता राहिला तो संगणक, ज्याच्यावर यातला कुठलाच उपाय पुरेसा नाही. विंडोज 7 च्या सुरक्षा दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 ला थांबल्या आणि विंडोज 10 च्या 14 ऑक्टोबर 2025 ला; विंडोज 10 ला नोंदणी करणाऱ्यांसाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे, तीही पुढे संपेल. गावाकडे दुसऱ्याच्या हातून आलेले बरेच संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, त्यांचं हार्डवेअर जुनं पडतं. अशा संगणकावर फायरवॉल चालू असली तरी पुढे सापडणारी भोकं बुजवणारं कुणी नाही, म्हणून तो खुल्या नेटवर्कला जोडू नये. बँकेचं काम फोनवर करावं, आणि संगणकाला नेट लागलंच तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा. नाहीतर त्यावर लिनक्स चढवावं. उबुंटू किंवा मिंट फुकट मिळतं आणि चार जीबी मेमरीच्या जुन्या डेस्कटॉपवर मिंटची हलकी आवृत्ती बऱ्यापैकी चालते. ब्राउझरमधली कामं, म्हणजे महाडीबीटी, सातबारा, भरतीचे अर्ज, त्यावर होतात. डिजिटल सहीचं टोकन आणि बोटाच्या ठशाचं यंत्र मात्र त्यावर बऱ्याचदा अडून बसतं, स्कॅनरचा ड्रायव्हरही कधी मिळतो कधी नाही. म्हणून जुनी विंडोज पुसण्याआधी लिनक्स एकदा पेनड्राइव्हवरून चालवून, स्कॅनर लावून, एक पान काढून बघावं.